धूपच्या आधी

लग्न होऊन वाईहून हैदराबादला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याच्या मराठीला हसले. अनंतराव त्यांच्या आईला सांगत होते, "फिकर नको करू, जल्दी येतो." मी तोंडाला पदर लावून खिदळले. त्या दिवसापासून ते माझ्याशी जपून, पुस्तकातलं मराठी बोलू लागले. मला वाटलं, सुधारले. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून आता या वयात मला कोण बोलणार आहे?

साल छप्पन, महिना एप्रिल. घर मलकपेठेत, वर मोठी गच्ची. दुपारी घर निजलं की मी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून बसायची. तिकडे वाई होती, आई होती. त्या वेळी समोरची जमीन विरघळून जायची. झाडं, मशिदीचे मिनार, लांबचे गोल खडक, सगळं पाण्यावर तरंगायचं. डोळा लागला की ते पाणी कृष्णेचं व्हायचं आणि घाटावर आई पाठमोरी धुणं धूत असायची. मी हाक मारायची, ती वळायला लागायची आणि तिचं तोंड दिसायच्या आत मला जाग यायची. तेवढ्यासाठी मी तासन् तास उन्हात बसायची. वेडीच होते.

महिनाभरात तोंड लालबुंद झालं. मग गालांवर पाण्याचे फोड आले, नाकाचं कातडं सुटायला लागलं. अनंतराव एकटेच सुलतान बाजारातल्या दवाखान्यात जाऊन मलमाची बाटली घेऊन आले. जस्ताचं पांढरं मलम, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'रोज, धूपच्या आधी, तोंडास लावणे.' आता 'धूपच्या' हे कुठलं व्याकरण? 'धुपाच्या' हवं, असं मी मनातल्या मनात दुरुस्तही केलं. सासूबाई, म्हणजे चतुराबाई, दिवेलागणीला देवापुढे धूप जाळायच्या. त्या धुराने कातडीला त्रास होत असेल असं धरून मी रोज तिन्हीसांजेला मलम चोपडायची आणि सकाळी अंघोळीत धुऊन टाकायची. दुपारी पुन्हा कोऱ्या तोंडाने गच्चीवर.

फोड वाढत गेले. राज्यांची नव्याने वाटणी व्हायची होती, आणि अनंतरावांच्या कचेरीने प्रत्येकाला लिहून मागितलं होतं, मुंबई राज्यात, म्हणजे माझ्या वाईच्या बाजूला, जाणार की इथेच राहणार. त्यांची या शहरातली ही तिसरी पिढी. ते राहणार हे सगळे धरूनच चालले होते. पण एका संध्याकाळी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, इथलं ऊन तुला सोसत नाही म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई राज्य लिहून आले. चतुराबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मी आईला चार पानी पत्र लिहिलं. कुणाचं मन बदललंच, तर कचेरीत जाऊन लिहिलेलं बदलायला शनिवारी दोन वाजेपर्यंत मुभा होती.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी मलम संपलं म्हणून मी स्वतःच दवाखान्यात गेले. तिथले म्हातारे कंपाउंडर दत्तोबा माझं तोंड पाहून चपापले. मलम कधी लावता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, संध्याकाळी, देवापुढच्या धुपाच्या आधी. ते स्टुलावर बसलेच.

"बेटा, आमच्या इकडं धूप म्हणजे ऊन," ते म्हणाले. "धूपमध्ये जायच्या आधी लावायचं ते. गच्चीला चुना मारतो ना, घर तापू नये म्हणून, तसं. सांजेला लावून काय फायदा?"

घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. घरात दिवसातून दहादा 'धूप' म्हणणारी अनंतरावांची जीभ मीच हसून बंद केली होती. आणि आता हे सांगितलं तर वाई गेली. म्हणून नाही सांगितलं. दुपारी घर निजल्यावर गुपचूप मलम लावायची, मग गच्चीवर. दोन-तीन दिवसांत जळजळ थांबली. शुक्रवारी स्वप्नात आई एकदाची वळली, तर तोंड चतुराबाईंचं. मी दचकून उठले आणि तशीच भिंतीला टेकून बसून राहिले.

शनिवारी अनंतरावांनी रजा टाकली. जायच्या आधी तुला शहर दाखवतो म्हणाले. सायकल-रिक्षातून आम्ही पांढऱ्या उजेडात फिरत होतो. रस्ते झोपेत असल्यासारखे. सुलतान बाजारातलं एक पुस्तकांचं दुकान त्यांनी दाखवलं. लहानपणी तिथे उभ्यानेच ते पुस्तकं वाचून संपवायचे आणि मालक मुद्दाम दुसरीकडे बघायचा. आबिड्सला पोस्टासमोर रिक्षा थांबवून ते नुसतेच बघत राहिले. मग पुटपुटले, "इथं खडं राहून बाबांची वाट बघायचो मी." त्यांचं मराठी पुन्हा जुनं झालं होतं, आणि त्यांना कळलंही नव्हतं. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

"अहो," मी म्हणाले, "मलम मीच चुकीच्या वेळी लावत होते. इथल्या उन्हाचा काही दोष नाही. मंगळवारपासून मला ठाऊक आहे."

ते पोस्टावरची नजर काढून माझ्याकडे वळले. मग विचारलं, "बोलली का नाहीस?"

"मला आईजवळ जायचं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, "तर मग जाऊ. लिहून दिलंय मी. तू म्हणशील तसं."

आता मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. तेच मला सोसेना. मी पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, कचेरीकडे घ्या, दोनच्या आत पोचवा. अनंतरावांनी माझा हात धरला. सबंध रस्ताभर मी आईसाठी रडले. सोललेल्या गालांवर डोळ्यांचं पाणी झोंबत होतं. पण थांबवा, असं मी एकदाही म्हणाले नाही.