चुकवलेल्या कड्या

काकांच्या शेतातला आकडा इतका छान आला होता, की हवाबाईने तो पुन्हा तपासलाच नाही. आपल्या मनासारखं झालं की माणूस खोलात जात नाही.

शेतातली हवा मोजणं हे तिचं काम, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. गोठ्यातलं शेणमूत टाकीत साठवून त्याची पातळ स्लरी शेताला देतात. तिच्यातला थोडा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. त्यातला एक वायू, नायट्रस ऑक्साइड, कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट उष्णता धरून ठेवतो. तो कोणत्या पद्धतीने कमी निघतो हे पाहायला काकांच्या शेताचे दोन भाग केले होते. एका भागात स्लरी जुन्या यंत्राने हवेत फेकायची. दुसऱ्या भागात नवं यंत्र: फाळ मातीत चीर पाडणार, नळी चिरेत स्लरी सोडणार, मागचा रूळ माती दाबून टाकणार. पुरलेल्या स्लरीचा वास कमी येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ओल्या मातीत कोंडलेल्या स्लरीतून तो बिनवासाचा वायू उलट जास्त निघतो की काय, हे ठरायचं होतं.

दोन्ही भागांत तिने पत्र्याच्या बारा-बारा गोल, बिनबुडाच्या कड्या रोवल्या होत्या. कडीवर झाकण ठेवायचं, आत साचलेली हवा सिरिंजने ओढायची, कुपीत भरायची. असं तीनदा, दर वेळी स्लरी दिल्यावर मोजायचं होतं. नव्या यंत्राच्या भागात पहिल्या दोन्ही वेळा वायू जवळजवळ नव्हताच. ते आकडे सरकारी समितीकडे गेले. हे यंत्र सगळीकडे लागू करायचं की नाही, हे समिती सोमवारी ठरवणार होती. काकांनी तर दूध न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरलाही थांबवून सांगितलं, "आमची जमीन बघा, श्वाससुद्धा सोडत नाही!"

आज तिसरी, शेवटची वेळ. दुसऱ्या शेतावरचं काम लवकर आटोपलं, म्हणून ती ठरल्यापेक्षा दोन तास आधी आली. काका ट्रॅक्टरवर होते. शेवटच्या फेरीतली शेवटची कडी आली. काकांनी दांडा ओढला, फाळ उचलला, झोपलेल्या लेकराला ओलांडावं तशी कडी ओलांडली, आणि फाळ पुन्हा टेकवला.

हवाबाई हात हलवत ट्रॅक्टरकडे धावली.

"काका! अहो काका, थांबा!"

काकांनी इंजिन बंद केलं. "काय गं? लवकर आलीस?"

"कड्या आधी उपटून ठेवायच्या होत्या ना? स्लरी दिली की खुंट्यांच्या खुणेवर परत रोवायच्या, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं. पण तू गुडघे टेकून एकेक कडी समपातळीत बसवलीस. दोन दिवस खपलीस. उपटायला हात होईना बघ."

बांधावरून काकू हसल्या. "घरात चहाचा कप उचलून ठेवत नाहीत, पण तुझ्या कड्या बघ कशा जपल्यात! मागच्या दोन्ही वेळी असंच."

"दोन्ही वेळी," हवाबाई म्हणाली. "आणि पलीकडच्या भागात?"

"तिथे काय," काका म्हणाले, "वरून उडते. पडते कड्यांत आपोआप."

म्हणजे एका भागात तिने स्लरी मोजली होती आणि दुसऱ्या भागात नुसती माती. तिने ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"पुन्हा मोज मग," साहेब म्हणाले.

"टाकीतली स्लरी संपली, साहेब. आता पेरणी. पुढच्या वर्षीच जमेल."

"मग तुझे आकडे मागे घेऊ. तसं पत्र आजच पाठवतो. पण समिती थांबायची नाही."

"मग ती ठरवणार कशावर?"

"यंत्र बनवणाऱ्यांनी दिलेली पुस्तिका आहे त्यांच्यापुढे." मग ते म्हणाले, "माझ्या हातात असतं तर थांबवलं असतं गं."

तिने फोन खिशात ठेवला. काका खाली उतरून जवळ उभे होते. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"माझ्यामुळे?"

"मी इथे उभं राहून बघायला हवं होतं, काका."

"ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

काका तडक टाकीकडे गेले. आत वाकून तळ खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग ते अर्धी बादली घेऊन, पाय ओढत परत आले आणि पहिल्या कडीशी बसले.

"हे आता हाताने घालतो. एका कडीला किती?"

"काका, असं चालत नाही. ती चिरेत, मातीखाली जायला हवी, आणि सगळ्या शेताला जाते तेवढीच."

"मग बोटाने चीर पाडतो," काका म्हणाले आणि खरंच मातीत बोट खुपसू लागले. "किती खोल, तेवढं सांग."

"अहो, उठा," काकू बांधावरून म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"सांग ना, पोरी. किती खोल?"

हवाबाई त्यांच्यासमोर खाली बसली. किती खोल, ते तिला नेमकं ठाऊक होतं.