इंग्रजीतला थोरला

बायकोच्या इंग्रजीत आम्हाला एकच मूल होतं. मराठीत दोन. त्यातला थोरला अकराव्या वर्षी तापाने गेला आणि धाकटी लग्न होऊन परदेशात स्थिरावली. थोरला जाऊन इतकी वर्षं लोटली तरी घरात तिला धाकटीच म्हणतात. सवयच लागली म्हणा ना.

माझं चष्म्याचं दुकान होतं. जन्मभर लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून मी एकच प्रश्न विचारला, आधीचं बरं की आताचं? त्यामुळे परीक्षा घेणं मला काही नवं नाही. गाडी चालवायचा परवाना हवा असलेले कित्येक बहाद्दर तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून यायचे आणि पोपटासारखी म्हणून दाखवायचे. मी गुपचूप दुसरा तक्ता टांगला की त्यांची बोबडी वळायची. पाहून वाचणारा आणि पाठ केलेलं म्हणणारा, दोघांतला फरक मला आवाजावरून कळतो.

धाकटीला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला तिला आई हवी होती. नुसतं भेटून परत यायची परवानगी त्या देशाने आम्हाला दोनदा नाकारली. उरला एकच रस्ता, कायमचं तिच्याकडे राहायला जाण्याचा. त्यासाठी आम्ही दोघांनीही इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास करायला हवी होती. परीक्षक समोर बसतो, एक कार्ड देतो, त्यावरच्या विषयावर दोन मिनिटं न थांबता बोलायचं, मग तो प्रश्न विचारतो. मी दुकानदारी इंग्रजीवर वेळ मारून नेली. बायको मात्र पहिल्या खेपेला आपटली. दुसरी खेप शेवटची होती. तीही गेली की अर्ज रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि बाळ काही आमच्या अर्जासाठी थांबणार नव्हतं.

म्हणून तिला क्लास लावला. लाँड्रीच्या वर एक खोली, खालून इस्त्रीची वाफ यायची. मास्तर कडक शर्टावर टाय लावायचे आणि पायात स्लिपर घालायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली युक्ती सांगितली.

"कार्डं शंभर प्रकारची येतात. तुम्ही शंभर उत्तरं घोकाल आणि ऐन वेळी पाटी कोरी. त्यापेक्षा घरातलं एकच माणूस निवडा. भेटवस्तू? त्यानेच दिली. प्रवास? त्याच्याच बरोबर केला. आवडता पदार्थ? तोच करतो. बाकीच्यांचा विषयच काढायचा नाही. मुलं दोन असतील तर एकच सांगा. दुसरं निघालं की प्रश्न वाढतात."

"पण ते खरं नसलं तर?" एका नर्सने विचारलं.

"परीक्षक भाषा तपासतो हो, तो काही पोलीस नाही."

नर्सने स्वतःची सासू निवडली. तिच्याबद्दल मला शब्द कधीच कमी पडत नाहीत, असं म्हणाली. सगळा वर्ग हसला. मग मास्तर माझ्या बायकोकडे वळले. "काकू, तुमचं माणूस कोण?"

मी मागच्या बाकावर तिची पिशवी सांभाळत बसलो होतो. ती धाकटीचं नाव घेणार यात मला तिळमात्र शंका नव्हती.

"मुलगा," ती म्हणाली.

"वा. काय करतो?"

"इंजिनिअर आहे. पूल बांधतो."

जिना उतरताना मी तिला छेडलंच. "अगं, हे काय नवीन?"

"काय नवीन? मास्तरच म्हणाले, खरंच असायला पाहिजे असं नाही."

"धाकटी आहे की आपली. तिच्याबद्दल बोल."

"धाकटीचं काय सांगायचं? ती बरी आहे," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

आमच्या घरात थोरल्याचं नाव निघत नसे. त्याचा फोटो कपाटात, कपड्यांच्या मागे. चुकून विषय निघालाच तर आमच्यापैकी एक जण गॅस बघायला उठायचा. अशी आमची रीत, कुणी न ठरवता ठरलेली. आता रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी घड्याळ घेऊन परीक्षक व्हायचो, कार्ड पुढे सरकवायचो, आणि थोरला येऊन बसायचा. तो उंच झाला होता. केस कापायला कंटाळायचा. पहिल्या पगारातून त्याने आईला राखाडी स्वेटर आणला होता आणि सुट्टी काढून तिला समुद्र दाखवायला नेलं होतं. "माय सन मेक्स व्हेरी बॅड सूप," ती म्हणायची, "बट आय ईट." आणि स्वतःच खुदकन हसायची. किती वर्षांनी.

आधी मला राग यायचा. जिवंत पोरगी तिकडे वाट बघतेय आणि ही गेलेल्याला सूप करायला लावतेय. मी दात-ओठ खात घड्याळ बघायचो. पण माणूस किती दिवस चिडून राहणार? हळूहळू मीही संध्याकाळ होण्याची वाट बघायला लागलो. एकदा दोन मिनिटं संपली आणि माझ्या तोंडून कार्डावर नसलेला प्रश्न निघून गेला.

"डझ ही वेअर ग्लासेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "येस. मायनस टू. ही ब्रेक्स देम. हिज फादर गेट्स व्हेरी अँग्री."

मला उठून गॅस बघायला जावं लागलं. गॅस बंदच होता. पण खरं सांगतो, त्या रात्री मला फार सुखाची झोप लागली.

परीक्षा जवळ आली तशी धाकटी रविवारच्या नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, आज मी तुझी परीक्षा घेते. अगदी खऱ्यासारखी. बाबा, तुम्ही मध्ये एक अक्षर बोलायचं नाही."

मी घाईने म्हणालो, "अगं, आज राहू दे, तिचा घसा बसलाय."

"काही बसलेला नाही," बायको म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली.

"टेल मी अबाउट युअर फॅमिली," धाकटी म्हणाली.

"आय हॅव वन सन."

पाठांतराची गाडी एकदा उताराला लागली की समोर कोण आहे ते दिसत नाही. पूल झाले, सूप झालं, राखाडी स्वेटर झाला. मी टेबलाखालून बायकोच्या पायाला पाय लावला, तिने तो बाजूला केला. धाकटीने मध्ये तोडलं नाही, कारण खरा परीक्षकही तोडत नाही. फक्त नाकाच्या मुळाशी दोन बोटांनी चोळलं, दमलेली माणसं चोळतात तसं. दोन मिनिटं झाल्यावर तिने विचारलं, "डू यू हॅव एनी अदर चिल्ड्रन?"

"नो," बायको तत्परतेने म्हणाली. "ओन्ली वन."

धाकटीने खऱ्या परीक्षकासारखी मान हलवली. मग म्हणाली, "थँक यू. दॅट इज द एंड ऑफ द टेस्ट." आणि नंतर मराठीत, "छान झालं आई. थोडं सावकाश बोल." तिने फोन ठेवला.

बायको उजळलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे वळली. "जमलं ना हो?"

"अगं, समोर धाकटी होती."

"परीक्षक होती ना ती," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. दोन्ही तळवे टेबलावर टेकून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

दोन दिवसांनी धाकटीने माझ्या एकट्याच्या फोनवर फोन केला. "बाबा, दादा सूप करतो हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला तिने, पण जमलं नाही. "तो असताना मी धाकटी होते, तो गेल्यावरही धाकटीच राहिले. मला वाटायचं, निदान या देशात तरी तुमची एकच मी असेन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला काही बदलायला लावू नका," ती म्हणाली. "पाठ झालंय तेच बोलू दे. पास होऊ दे. मला आई हवी आहे बाबा. ती कुणाचं का नाव घेईना."

बायकोला मी एवढंच सांगितलं की धाकटी रागावलेली नाही, पाठ केलंय तेच बोल म्हणते. ती म्हणाली, "बरं."

परीक्षेच्या इमारतीत घड्याळ, फोन, पाकीट सगळं एका खणात ठेवायला लावतात आणि किल्ली गळ्यात अडकवायला देतात. बायको ती किल्ली घालून, नवे बूट करकर वाजवत आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. माझं मन म्हणत होतं, थोरल्या, बाबा रे, आज तेवढं आईला पार कर.

ती बाहेर आली तेव्हा किल्ली अजून गळ्यातच होती. माझ्या शेजारी बसली.

"कार्ड सोपं होतं," ती म्हणाली. "घरातल्या अशा माणसाबद्दल बोला, ज्याची आठवण येते."

"मग? थोरल्याला काय धाड भरली होती?"

"तोंडाशी आलं होतं सगळं. पण म्हटलं, आज धाकटीचंच सांगायचं. आय हॅव वन डॉटर, म्हटलं. शी लिव्ज फार, म्हटलं. आणि पुढे काहीच नाही."

"शब्द आठवले नाहीत?"

"शब्द होते हो. सूप येतं मला इंग्रजीत, समुद्र येतो. पण ती सूप करते का? तिच्या गावाला समुद्र आहे का? घरी आल्यावर ती काय करते, कुठे बसते? मला काहीच माहीत नाही. मी मग मराठीत शोधायला लागले, तर तिथेही काही नव्हतं. दर रविवारी बोलतो आपण तिच्याशी. बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेवू का? एवढंच की." तिने डोळे पुसले. "परीक्षक घड्याळाकडे बघत बसला. मग थँक यू म्हणाला."

माझा तोल सुटला. "थोरल्याचं सांगितलं असतंस तर आज पास झाली असतीस! धाकटीला कोण सांगायला जाणार होतं?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "पण मी ऐकलं असतं ना."

निकाल यायचा तसाच आला. रविवारी फोन लागल्या लागल्या बायकोनेच सांगून टाकलं. "नापास झाले गं. आम्ही नाही येऊ शकत."

"असू दे आई," धाकटी म्हणाली. पोटावर हात ठेवून बसली होती. एरवी आता आम्ही जेवलीस ना विचारलं असतं आणि फोन ठेवला असता. पण बायकोने ड्रॉवरमधून सरावाची कार्डं काढली आणि पत्त्यांसारखी हातात धरली.

"आता मी परीक्षक," ती म्हणाली. "मराठीत. तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

धाकटी गोंधळली. मग मान वळवून खरंच बघायला लागली. "गाड्या लावायची जागा. एक झाड आहे. त्याला मी कधी फूल आलेलं पाहिलं नाही."

"सूप करतेस?"

"नाही येत मला. डब्यातलं गरम करते."

"समुद्र?"

"आहे. लांब आहे. एकदाच गेले होते. थंडी वाजली म्हणून लगेच परत आलो."

धाकटी डोळे पुसत होती आणि बोलत होती. बायको एकेक उत्तर मान हलवत ऐकत होती, पाठ करत असल्यासारखं.

"कामावरून घरी आलीस की पहिलं काय करतेस?"

"चष्मा काढून ठेवते."

"कसला चष्मा?" मी पुढे झुकलो.

"लागलाय ना मला, बाबा. चार वर्षं होतील. तुमच्याशी बोलताना काढून ठेवते, काचांवर दिवा चमकतो म्हणून. मला वाटलं होतं, नाकावरच्या खुणा बघून तुम्ही ओळखाल. मग सांगायचं राहूनच गेलं."

दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या नाकाकडे बघून मी त्याचा चष्मा किती जड आहे ते सांगायचो. थोरल्याचा नंबर मला तोंडपाठ होता. आणि हिच्या त्या दोन खुणा मी चार वर्षं दर रविवारी बघत आलो होतो.

"घाल बघू," मी म्हणालो.

ती उठली, चष्मा घेऊन आली आणि डोळ्यांवर चढवून आमच्याकडे बघत राहिली. फ्रेम एका बाजूला कलली होती. कुणीतरी घाईघाईत बसवून दिली असणार. उजवी काडी कानामागे किंचित वाकवली की झालं, एवढंसं काम. दुकानात मी ते गप्पा मारता मारता करायचो आणि त्याचं काही घेतही नसे. माझा हात नकळत पुढे गेला आणि फोनच्या काचेला लागला.