हेला म्हटल्यावर होब

मित्रांनो, मी एक जुना बारबेल आहे. बारबेल म्हटल्यावर व्यायामशाळेतला चकचकीत पोलादी दांडा तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी म्हणजे पाण्याच्या नळाचा एक तुकडा आणि त्याच्या दोन टोकांना सिमेंट भरलेले पत्र्याचे दोन डबे. अलेक्झांड्रियात, बहरी भागात, समुद्राजवळच्या एका पाचमजली इमारतीच्या गच्चीवर मी पडलेला असतो. शेजारी कबुतरांचं खुराडं आहे, पण कबुतरं काही माझ्याशी बोलत नाहीत. येतात, माझ्यावर घाण करतात आणि उडून जातात.

माझा जन्म उरलेल्या सिमेंटमधून झाला. गच्चीवरची टाकी दुरुस्त केल्यावर थोडं सिमेंट शिल्लक राहिलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून उस्ता रागेबने मला घडवलं. उस्ता म्हणजे बंदरावरच्या हमालांच्या टोळीचा म्होरक्या, छाती अशी की दारातून तिरकं आत यावं लागे. डबे आणून दिले त्याच्या बायकोने, इन्साफने. एक तुपाचा, एक खारवलेल्या चीजचा. दिसायला अगदी सारखे. सिमेंट वाळल्यावर मला उचललं तेव्हा कुठे कळलं, की तुपाचा डबा चांगलाच जड आहे.

"इन्साफ, हे काय गं? हा एका बाजूला असा झुकतोय, जसा तुझा भाऊ पैसे मागायला येतो तेव्हा झुकतो!"

"माझ्या भावाचं नाव काढायचं नाही हां. तो तुपाचा डबा तुमच्या आईने दिलेला आहे."

झालं! उस्ताने तो विषयच सोडला. पण मला फोडून पुन्हा करायचं त्याच्या जिवावर आलं. मग त्याने एक रीत ठरवली. आज तुपाचा डबा उजवीकडे, उद्या डावीकडे. म्हणजे कुठल्याच खांद्यावर अन्याय नको.

सुरुवातीला मी घरातच राहत असे. पण मला डोक्यावर नेण्याइतकं त्या घराचं छत उंच कुठे होतं? एके दिवशी उस्ताने जोर लावला आणि इन्साफच्या लग्नातलं काचेचं झुंबर खळ्ळकन खाली आलं. बाई रडली नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि ती म्हणाली, "एक तर हा राक्षस घरात राहील, नाहीतर मी." त्याच दिवशी मी गच्चीवर आलो.

आणि तिथेच माझे चांगले दिवस सुरू झाले. बंदरावर ओझं उचलताना म्होरक्या ओरडतो, "हेला!" आणि सगळी टोळी एका सुरात म्हणते, "होब!" ओझं हलतं ते त्या होबवर. नुसत्या हेलावर काही हलत नाही. उस्ताच्या हाडांतच ते भिनलं होतं. तो मला जमिनीवरून छातीपर्यंत आणायचा, श्वास भरायचा आणि म्हणायचा, "हेला!" मागे कपडे वाळत घालत असलेली इन्साफ तोंडातला चिमटा काढून म्हणायची, "होब!" की मी थेट आभाळात! ती मागे उभी असे, म्हणून मी कधी त्याच्या हातून निसटलो नाही. मला तर वाटायचं, मला दोघं मिळूनच उचलतात. शेजारच्या गच्चीवरची माणसं कौतुकाने बघायची. मित्रांनो, खरं सांगतो, मी तेव्हा फार मिजाशीत होतो.

मग एका हिवाळ्यात इन्साफ गेली. आजारी पडली काय आणि गेली काय. उस्ता कितीतरी दिवस गच्चीवर आलाच नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझा नळ तांबूस पडला. दोरीवर एक चिमटा तेवढा राहिला होता, तोही वाऱ्याने उडाला. मला फार एकटं वाटायचं.

शेवटी एका सकाळी तो आला. तुपाचा डबा डावीकडे घेतला, मला छातीशी आणलं आणि सवयीने ओरडला, "हेला!"

मागे कोणी नव्हतं. तो तसाच थांबून राहिला. आणि तेवढ्यात खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडला, "बिक्याऽ!"

काय सांगू तुम्हाला! जुनं सामान विकत घेणारा माणूस आरोळी देतो आणि उस्ताचे हात तिला होब समजून मला वर ढकलतात! त्याचं मन तयार नव्हतं, हात मात्र सुटले. मी वाकडा वर गेलो, तुपाच्या बाजूला कललो, त्याचा डावा खांदा पिळवटला आणि मी धाडकन फरशीवर आपटलो.

खालच्या मजल्यावरची उम्म शौकी जिन्यातून ओरडत आली. "अरे देवा! उस्ता, छत पडलं की तुम्ही?"

"मी कशाला पडतोय? बारबेल पडला."

"मग विव्हळतंय कोण? बारबेल?"

तिनेच त्याच्या मुलीला फोन केला. सोहेर टांटाला राहते, सासर तिकडचं. ती धावतपळत आली. बापाचा हात कानाच्या वर जाईना. साधा ओला टॉवेल दोरीवर टाकता येईना. ती म्हणाली, "बाबा, पुरे झालं. घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं."

"मी टांटाला? तिथे समुद्र आहे का?"

"जावई आहे, नातवंडं आहेत."

"समुद्र आहे का, ते विचारलं."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी ईदपर्यंतची मुदत ठरली. ईदपर्यंत हात पूर्ण वर गेला तर उस्ता आपल्या घरात राहील. नाही गेला तर कुलूप. दुसऱ्या दिवशी सोहेरने बाजारातून डंबेल्सची एक छोटी जोडी आणली आणि गच्चीवर माझ्यासमोरच ठेवली.

उस्ता त्यांच्याकडे बघून हसला. "ही काय, पोरींची खेळणी? वजन डोक्यावर न्यायचं तर बारबेलनेच न्यावं. दोन हात, एक दांडा."

"एकट्या माणसाने नाही, बाबा. हा हातातून सुटला तर मानेवर येईल. हे सुटले तर बाजूला पडतील. आणि हे बसूनही उचलता येतात, म्हणजे तुमचं ते छतही आड येणार नाही."

"उगाच शिकवू नकोस."

"बरं, मग खेळणी उचलून दाखवा."

त्याने उचलली. उजवा हात सरळ वर गेला. डावा कानापाशी अडला आणि तिथेच लटपटत राहिला. उस्ताचा चेहरा पडला. माझ्या दांड्यावर उजवा हात डाव्याचं ओझं ओढून नेतो, त्यामुळे कोणाला काही दिसत नाही. डंबेल्समध्ये असली मदत नाही. ज्याचं त्याने उचलायचं. मला त्या डंबेल्सचा राग आला, मित्रांनो, पण सोहेरचं म्हणणं खरं होतं. घरात, एकट्याने, दुखऱ्या खांद्याने डोक्यावर वजन न्यायचं तर डंबेल्सच बरे. मी असं म्हणतोय, यावरून काय ते समजा.

"हा सांगाडा बिक्यावाल्याला देऊन टाका," जाताना सोहेर म्हणाली.

"राहू दे," उस्ता म्हणाला. एवढंच.

डंबेल्स खाली घरात गेले आणि मी वर राहिलो. जिन्याशेजारी उजेडासाठी सोडलेल्या पोकळीतून मला त्याचा आवाज ऐकू यायचा. तो एक, दोन, तीन मोजायचा. हेला म्हणणं त्याने सोडून दिलं होतं. कधी डंबेल पडल्याचा आवाज यायचा, मग शिवी, मग पुन्हा एक, दोन, तीन. रमजानच्या उपासातही त्याने खाडा केला नाही. म्हातारा हट्टाला पेटला होता. मी वरून मनोमन त्याला जोर लावत होतो, पण माझा जोर त्याच्यापर्यंत कुठला पोचायला?

ईदच्या सकाळी सोहेर आली. नवरा आणि पोरं टांटालाच ठेवून एकटीच आली होती. उस्ता तिला घेऊन गच्चीवर आला. दोन्ही हातांत डंबेल्स. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. त्याने श्वास घेतला आणि दोन्ही हात वर गेले. सरळ, बरोबरीने, कानांच्याही वर. डावा किंचित कापला, पण खाली आला नाही.

सोहेरला रडू फुटलं. तिने बापाचे हात धरले, खांद्यावर डोकं टेकलं. "किती घाबरले होते मी, बाबा! आता काही काळजी नाही. आता तुमचं तुम्हाला सगळं जमतं."

"मग! सांगत होतो ना?"

"मग मी बाराची गाडी पकडते. सासूबाईंकडे सगळे जमलेत, मला वाटलं होतं तुमचं सामान बांधायला दिवस जाईल."

"बौरी मासे आणलेत," उस्ता म्हणाला. "तांबूस कांद्याचा भातही केलाय."

"पुढच्या वेळी, बाबा. नक्की."

तिने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि ती भराभर जिना उतरली. तिच्या पायांचा आवाज किती हलका होता! पोरीवरचं ओझं उतरलं होतं, तिचा तरी काय दोष?

उस्ता कठड्यापाशी उभा राहिला. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हात हलवत राहिला, डावा हात, चांगला उंच. मग येऊन माझ्या एका डब्यावर बसला. खालून कुठल्या तरी घरातून पोरांचा दंगा ऐकू येत होता. तो मला म्हणाला, "जिंकलो बघ. हात वर गेला नसता, तर आत्ता तिच्याबरोबर गाडीत असतो."

मासे त्याने संध्याकाळी उम्म शौकीकडे देऊन टाकले.

मित्रांनो, माझा गंज काढा, मला रंग द्या, असलं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. मला आता कोणी उचलणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस हात वर करून म्हणत असेल, "बघ, माझं मला जमतं," तर त्याचं तोंडभरून कौतुक करा. आणि मग लगेच चपला घालू नका. जेवायला थांबा.