हुलगेवाडी-खोतमाळची लढाई

१९६८ साली पेठ वडगावच्या बाजूला हुलगेवाडीत नृसिंह गुरुजी एकटेच शाळा चालवत होते. जिल्ह्यातल्या गावांची माहिती पुस्तकात छापायची म्हणून सरकारी कागद आला आणि तो भरायचं काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं. भूगोल तासाभरात झाला. एक ओढा, एक माळ, दोन विहिरी. इतिहासापाशी मात्र पेन अडलं.

गुरुजी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या धोंडुबाईकडे गेले. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "त्यात काय हाय? आमचं लोक खाली वारणंकडं चाललं हुतं. इथं आल्यावर म्हस बसली. उठंचना. तीन दिस वाट बघितली, मग चूल मांडली. झालं गाव."

गुरुजींना हे फार आवडलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून कागद सरपंच हंबीररावांपुढे ठेवला.

"म्हस बसली म्हणून गाव वसलं?" हंबीरराव कडाडले. "जिल्हा हसंल की! लढाई लिवा."

"कुणाशी?"

"खोतमाळाशी. वढ्यापल्याड दुसरं हाय कोण?"

गुरुजींना खोटं लिहवेना. निदान हरणाऱ्याची परवानगी तरी घ्यावी, असं त्यांनी सुचवलं. म्हणून रविवारी ते, हंबीरराव आणि ओढ्याकाठी ऊस लावलेला शेतकरी बाळासो असे तिघं ओढा ओलांडून खोतमाळच्या सरपंचाकडे, पिराजींकडे गेले. पिराजींनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि ट्रंकेतून स्वतःचा कागद काढला. त्यात खोतमाळानं हुलगेवाडीला दोनदा हरवलं होतं.

"दोनदा?" हंबीरराव ताडकन उठले.

"पावणं, बसा. एकदा कमी करतो."

दुपार कलेपर्यंत बोलणी चालली. शेवटी लढाई एकच, आणि जिंकले दोघंही, असं ठरलं.

"पण कुणीतरी मरायला पाहिजे," गुरुजी चाचरत म्हणाले.

आपला पूर्वज द्यायला कुणीच तयार होईना. बाळासोनं बराच वेळ डोकं खाजवलं. "आमचा पणजा जखमी दावा. मारू नका. तरणाच मेला म्हटलं तर आमी कुठनं आलो म्हणतील."

पिराजींनी एक निपुत्रिक चुलतआजा देऊ केला, पण त्याला घोड्यावर बसवायची अट घातली.

कागद गेला आणि महिन्याभरात जिल्ह्याहून साहेब आले. "रणभूमी दाखवा. तिथं दगडी खांब बसवायचाय. पाच गुंठे जागा सरकारला सोडावी लागेल."

दोन्ही गावं ओढ्याकाठी जमली होती. जो तो आपापल्या शेताकडं बघू लागला.

"लढाई पल्याड झाली," हंबीरराव म्हणाले. "आमीच चाल करून गेलतो."

"खोटं हाय, सायेब!" पिराजी ओरडले. "आमी गेलतो तिकडं. बाळासोच्या उसात झाली."

"माज्या उसात?" बाळासोनं त्यांची गचांडी धरली. मग कुणी ऊस उपटला, कुणी वहाण काढली. गुरुजी सोडवायला मध्ये पडले आणि कुणाचीतरी भक्कम वहाण त्यांच्या कपाळावर बसली. बाळासोचा खांदा निखळला. साहेब बांधावर उभे राहून भराभरा लिहीत होते.

दमून सगळे खाली बसले, तेव्हा त्यांनी गुरुजींना विचारलं, "ही लढाई नेहमीचीच का?"

गुरुजी कपाळ धरून म्हणाले, "नाही साहेब. पहिलीच." लाजेनं त्यांना मान वर करवेना, पण खरं बोलल्यानं बरंही वाटत होतं.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. हंबीररावांनी चावडीत गाव जमवलं. गुरुजींनी वाचलं, "हुलगेवाडी. हवा कोरडी, जमीन काळी, लोक तापट."

"परत वाचा." हंबीररावांची छाती फुगली होती. तीनदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आन् खोतमाळाचं?"

गुरुजींनी पानं उलटीपालटी केली. "त्यांचं नाव छापायचंच राहिलंय."

हंबीररावांनी गावभर पेढे वाटले. पहिला पेढा ओढ्यापल्याड पिराजींना पाठवला. पिराजींनी तो तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि निरोप्याला विचारलं, "पुस्तक परत कवा छापनार हाईत?"