सुई खाली ठेव

कपाटाच्या खिळ्यात अडकून धाकटीच्या कुर्त्याची बाही टर्रकन फाटली, तेव्हा टेम्पोत शेवटचं गाठोडं चढत होतं. बाकीचे कपडे आधीच चढलेल्या गाठोड्यांच्या तळाशी. सुईदोरा तर नऊ वर्षांच्या संसारात तिनं कधी विकतच घेतला नव्हता. घरात होता तो थोरल्या जावेच्या डब्यात, आणि वेगळं व्हायचं ठरल्यापासून दोघी एकमेकींशी भांडी आपटूनच बोलत होत्या.

थोरली दारात येऊन उभी राहिली.

"काढ तो. अंगावरचं शिवत नाहीत."

चादर गुंडाळून धाकटी खुर्चीवर बसली. जिच्या तोंडावर दार आपटून निघायचं, तिच्यासमोरच असं बसायची वेळ यावी, याची तिला मनस्वी चीड आली. थोरलीचं मान खाली घालून शिवणं चालू होतं आणि टाक्यागणिक टोमणेही.

"नऊ वर्षं माझ्या डब्यावर डल्ला मारलास. आता कुणाच्या जिवावर उड्या मारणार?"

"सुयांना काय तोटा? कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगानं मिळतात."

"मग आणायची होतीस एखादी."

दोरा ओढताना सुई निसटून धाकटीच्या पायाशी पडली. तिनं ती उचलून पुढे केली. थोरलीनं झटकन हात मागे घेतला.

"खाली ठेव. हातात सुई दिली की भांडण होतं."

"आता आणखी कुठलं व्हायचं राहिलंय?"

धाकटीनं सुई टेबलावर ठेवली, तेव्हाच थोरलीनं ती घेतली.

निघताना थोरलीनं एक छोटा डबा धाकटीच्या पिशवीत कोंबला.

"सुईदोऱ्यासाठीसुद्धा पुन्हा ही पायरी चढू नकोस."

"चढतेय माझी चप्पल!"

नव्या घरात आठवड्याच्या आत नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं. नाइलाजानं तिनं तो डबा उघडला. आत तिच्या एकूण एक कपड्याच्या रंगाची रिळं होती. हुक होते, टिचबटणं होती, हिरव्या कुर्त्याचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं बटणही होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई इतकं बारीक बघत होती, तर एकदा तोंडानं गोड बोलायला काय झालं होतं?

सुई मात्र सापडेना. तिनं डबा पलंगावर उपडा केला, रिळांच्या भोकांत बोटं घालून पाहिली. सगळं आठवणीनं भरलं आणि नेमकी सुईच विसरली, म्हणून ती हसणार होती. मग तिला ते टेबल आणि थोरलीचं 'खाली ठेव, भांडण होतं' आठवलं. तिनं रिळं एकेक करून डब्यात परत भरली.

"कोपऱ्यावरून आणू का सुई?" नवऱ्यानं विचारलं.

"नको," शर्ट पिशवीत कोंबत ती खेकसली. "तिथल्या गंजक्या असतात. माझ्या चपला कुठायत?"