कोरड्या वाइनची चव

आमच्या वाइनरीला हल्ली मनोरा आहे. खरं तर दोन आहेत, कारण एकाच मनोऱ्याला कुणी किल्ला म्हणेना. हेलान डोंगराच्या पायथ्याशी, जिथे मेंढ्यासुद्धा नाइलाजाने चरतात, तिथे हा युरोपातला किल्ला उभा राहिलाय आणि नवरा-नवरी फोटो काढायला रांगा लावतात. पाहुण्यांना वाइनरीचा इतिहास सांगायचं काम माझं. चाळीसेक वर्षांपूर्वी मी इथे बाटल्या धूत होते, एवढाच काय तो माझा अधिकार.

तेव्हा हा साधा दारूचा कारखाना होता. आमची 'द्राक्षाची दारू' म्हणजे पाणी, साखर, रंग आणि शपथेपुरती द्राक्षं. धडाक्यात खपायची. पण कारखान्यात दारू गाळणाऱ्या लुआन वस्तादांच्या डोक्यात किडा वळवळला: साखरेचा कणही न घालता निव्वळ द्राक्षांची वाइन करायची. दगडगोटे वेचून त्यांनी वेली लावल्या. आमच्याकडची थंडी अशी, की दर हिवाळ्यात वेली आडव्या करून मातीत पुरायच्या आणि वसंतात पुन्हा उकरून काढायच्या. सात वर्षं त्यांनी हे केलं. लोक म्हणायचे, "अहो वस्ताद, माणसाला एकदाच पुरतात. तुमच्या वेली काय दर साली मरतात?"

शेवटी प्रांताच्या सरकारी कचेरीतून निरोप आला. उपसंचालक लिआओ साहेब स्वतः वाइन चाखणार. पसंत पडली तर ठीक, नाहीतर वेली उपटून मका.

वस्तादांची पायरी साहेबांच्या टेबलापर्यंत पोचत नव्हती. ते मागच्या अंगणात पिंपाला टेकून उभे राहिले. मेजवानीत वाढायला मी. कारखान्याचे प्रमुख शेन साहेब घामाघूम झालेले.

"साखर आण गं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "वाटीभर. गुपचूप."

"वस्ताद जीव घेतील माझा."

"आणि हे साहेब माझी खुर्ची घेतील, त्याचं काय?"

तेवढ्यात लिआओ साहेबांनी बाटली उचलून लेबल मोठ्याने वाचलं: कोरडी लाल. आता गोम अशी, की आमच्या चिनी भाषेत साखर नसलेल्या वाइनला 'कोरडी' म्हणायचं जे अक्षर, तेच प्याला एका दमात रिकामा करण्याचं. मेजवानीत ते कानावर पडलं की जिभेचं काम संपतं, घशाचं सुरू होतं. साहेब उभेच राहिले.

"वा! बाटलीवरच हुकूम छापलाय की! चला मंडळी, करा कोरडा!"

काठोकाठ भरलेले बारा प्याले एका दमात रिकामे झाले. साहेबांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण मटणाचा तुकडा तोंडात कोंबून त्यांनी निभावून नेलं. स्वतःच दिलेला हुकूम, तक्रार कुणाकडे करणार?

"शेन, आपल्या ज्वारीच्या दारूएवढा दम नाही हो हिच्यात," ते म्हणाले. "पण नाव लाखमोलाचं! मेजवान्यांना हीच पाठवा. दहा हजार बाटल्या."

शेन साहेबांना रडूच फुटलं. वेली वाचल्या. पुढे देशभरच्या मेजवान्यांत आमची वाइन गटागटा कोरडी होऊ लागली, कारखान्याची वाइनरी झाली, आणि मनोरेही त्यातूनच आले. सात वर्षांच्या खटाटोपाची चव मात्र त्या बारा जिभांपैकी एकीवरही थांबली नव्हती.

मी मागे गेले. साहेबांनी बाटल्या किती मागितल्या, ते वस्तादांनी विचारलंच नाही.

"पोरी, घोट तोंडात धरला का गं त्यांनी? काय म्हणाले?"

त्यांचे हात मातीने भेगाळलेले होते.

"धरला की, वस्ताद. चांगलं अर्धं मिनिट, डोळे मिटून. म्हणाले, हिच्यात आपल्या डोंगराचं ऊन जिभेला लागतं."

वस्ताद पिंपावर डोकं टेकून रडले. मरेपर्यंत ते हे भेटेल त्याला सांगत राहिले आणि शेजारी उभी राहून मी मान डोलावत राहिले.

मागल्या वर्षी कंपनीने इतिहास संशोधन समिती नेमली. विद्वानांनी वर्षभर चहा पिऊन कसून तपास केला आणि ते उन्हाचं वाक्य संगमरवरावर कोरलं, सोनेरी अक्षरांत, लिआओ साहेबांच्या नावाने. वस्तादांचं नाव तेवढं जागेअभावी राहिलं. खाली साक्षीदार म्हणून सही आहे, ती माझी.