नीरजाचा हात

तिळाचे कोमट तेल तळव्यांवर घेऊन नीरजा दोन्ही हात सावकाश एकमेकांवर फिरवी, तेव्हाचा तो मृदू, ओलसर ध्वनी मी प्रथम ऐकला गुडगावात, लेकीच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी. बाहेर फाल्गुनाचे धुळकट ऊन, अर्ध्यामुर्ध्या उभ्या इमारती, क्रेनच्या लांबच लांब सावल्या. आणि आत दिवस भरत आलेली माझी अश्विनी, त्या परक्या बाईकडे पाठ करून निःशंक बसलेली.

नीरजा डूला होती. बाळंतपणात बाईची सोबत करणारी. ना डॉक्टर, ना सुईण. मी मात्र सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात सत्तावीस वर्षे परिचारिका होते. "सोबतीला मी आहे की," असे मी म्हणाले, तेव्हा अश्विनी हसली. "यार आई, तू ना, लगेच नर्स होतेस. सूचना सुरू!" ते हसणे मला अजून सलते.

मग मी नीरजात खोट शोधू लागले. सुगंधी तेलांच्या कुप्या, गरम पाण्याची पिशवी, कळांमध्ये टेकून बसायला मोठा रबरी चेंडू. सारा नव्या वस्तीचा थाट वाटला. पण कळा सुरू झाल्यावर, रुग्णालयाच्या खोलीत, लॅव्हेंडरच्या वासाने अश्विनीने तोंड फिरवले मात्र, नीरजाने कुपी बंद करून बाहेर नेऊन ठेवली, हात साबणाने धुतले. मन वळवण्याचा एक शब्द काढला नाही. न राहवून मीच म्हणाले, "घोटे के पास दबाओ, दर्द जल्दी बढ़ेगा, बच्चा जल्दी होगा."

"डॉक्टर से पूछे बिना नहीं, आंटीजी," ती शांतपणे म्हणाली. "आराम देना मेरा काम है, इलाज नहीं."

सत्तावीस वर्षांत, तुला काय हवे, असे मी किती जणींना विचारले होते? उत्तर ठाऊक होते, म्हणूनच मत्सर अधिक पेटला.

प्रसूतिकक्षात एकालाच प्रवेश होता. जावई बंगलोरहून अजून पोहोचायचे होते. अश्विनीने नीरजाचे नाव घेतले आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. कलत्या दुपारी आतून किंकाळी आली, "आई गं!" पाठोपाठ नीरजा धावत बाहेर आली. "आंटीजी, आपको बुला रही है. मेरी जगह आप जाइए."

बोट दारात चेमटले तरी मराठी बाई 'आई गं' म्हणते, हे तिला कुठून ठाऊक असणार? मी तिची चूक सुधारली नाही. अंगावर गाऊन चढवून आत गेले.

अश्विनी कुशीवर वळलेली, डोळे घट्ट मिटलेले. "नीरजा, कमर..." ती पुटपुटली. मी बोलले असते तर तिने ओळखले असते; कदाचित नको म्हटले असते. म्हणून मी मुकाट तिच्या कमरेवर तळवा टेकला आणि नीरजा दाबी तसाच, तिच्या श्वासाच्या लयीत दाबत राहिले. नात रडली, अश्विनीने डोळे उघडले ते तिच्याकडे, आणि सिस्टरने मला बाहेर काढले.

नात आता कॉलेजात जाते. तिला जन्माची गोष्ट सांगताना अश्विनी म्हणते, "शेवटपर्यंत नीरजाचा हात होता पाठीवर." मी ऐकून घेते. नीरजाही कधी बोलली नाही. अश्विनीला ठाऊकच आहे, असे तिला वाटले असावे. पुढे ती शहर सोडून गेली, तिचा फोन लागेनासा झाला. मला जिचा सर्वाधिक हेवा वाटला, माझ्या त्या घटकाभराच्या मातृत्वाची तीच एकटी साक्षीदार. आणि ती आता कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नाही.